बातमीतले क्रियापद आणि आपला गल्ला

जळगावचा जिनिंगवाला, धुळ्याचा पॉवरलूमवाला किंवा चोपड्याच्या बाजारपेठेतला कापड दुकानदार यांना अमेरिकेच्या किंवा चीनच्या राजकारणाशी काय देणेघेणे, असे पूर्वी विचारले जाई. आता तसे कोणी विचारत नाही. परदेशात एखादे शुल्क वाढले, कुठे लढाई पेटली, डॉलर वर गेला की त्याची चर्चा संध्याकाळपर्यंत आपल्या सूतबाजारात होते आणि दुसऱ्या दिवशी त्यावर सौदेही होतात. बातम्या वाचायला आपण शिकलो, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु आमच्या पाहण्यात असे येते की, बातमी वाचताना आपण देशाचे नाव वाचतो, आकडा वाचतो आणि वाक्याच्या शेवटी बसलेले क्रियापद सोडून देतो. मराठी वाक्यात खरी गोम तेथेच असते. गोष्ट घडली आहे, घडली असावी की घडेल असे कोणाला नुसते वाटते आहे, हे शेवटच्या दोन शब्दांत कळते. तेच दोन शब्द न वाचता उधारीवर सूत भरणारा माणूस बातमीवर नव्हे, तर दुसऱ्याच्या अटकळीवर पैसा लावतो.

प्रस्तुत लेखात अशा अनुमानाच्या क्रियापदांचा विचार करायचा आहे. विषय व्याकरणाचा वाटेल. पण तो हिशेबाचाच विषय आहे.

एका बातमीची आठ वाक्ये

नमुन्यादाखल एकच बाब घेऊ. सरकारने कापसाच्या आयातीवरील शुल्क काढले की नाही, एवढाच प्रश्न आहे. तो मराठीत किती तऱ्हांनी लिहिला जातो ते पाहा.

१) सरकारने शुल्क हटवले.
२) सरकारने शुल्क हटवले असणार.
३) सरकारने शुल्क हटवले असावे.
४) सरकारने शुल्क हटवले असेल.
५) सरकारने शुल्क हटवल्याचे समजते.
६) सरकारने शुल्क हटवले म्हणे.
७) सरकारने शुल्क हटवावे.
८) सरकार शुल्क हटवण्याची शक्यता नाकारता येत नाही.

पहिले वाक्य घटनेचे आहे. त्यावर आपण विचारू शकतो की अधिसूचना कोणत्या तारखेची, केव्हापासून केव्हापर्यंत? उत्तर मिळाले पाहिजे. दुसऱ्या वाक्यात सांगणाऱ्याने आदेश पाहिलेला नाही. पण त्याच्या हाताशी अशा खुणा आहेत की त्याची स्वतःची खात्री झाली आहे. बंदरात परदेशी गाठी भराभर उतरू लागल्या, म्हणजे शुल्क हटवले असणार, असा तो तर्क आहे. तिसऱ्या वाक्यात खुणा आहेत, पण थोड्या. चौथ्यात खूणही नाही. हटवले असेल, नसेलही. पाचव्यात सांगणारा आपल्या माणसाचे नाव लपवतो. सहाव्यात तर तो जबाबदारीच झटकतो. ‘म्हणे’ या एका शब्दाने सगळी बातमी बाजाराच्या अंगावर टाकून तो मोकळा होतो.

सातवे वाक्य बातमीच नाही. ती कोणाची तरी मागणी आहे. येथे फार लोक फसतात, कारण ‘हटवावे’ आणि ‘हटवले असावे’ ही रूपे दिसायला जवळची आहेत. पहिल्यात इच्छा आहे, दुसऱ्यात अनुमान आहे. ‘निर्यात खुली करावी’ असे एखाद्या संघटनेचे निवेदन छापून येते आणि सायंकाळी चहाच्या टपरीवर ‘निर्यात खुली होतेय’ अशी त्याची बातमी होते. आठवे वाक्य तर काहीच सांगत नाही. जगात कोणत्याच गोष्टीची शक्यता नाकारता येत नाही. असे वाक्य वाचून एक पोते सूतही उचलू नये.

उर्दू शाळेत शिकलेल्यांसाठी

आपल्यापैकी पुष्कळांचे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले आणि धंदा मात्र मराठी वर्तमानपत्रे वाचून करावा लागतो. अशा वाचकांना एक अडचण येते. उर्दूत ‘माल आ गया होगा’ एवढे म्हटले की काम भागते. त्या एका ‘होगा’मध्ये मराठीतील ‘आला असेल’, ‘आला असावा’ आणि ‘आला असणार’ ही तिन्ही रूपे सामावतात. किती खात्रीने बोललो ते आवाजावरून आणि ‘शायद’, ‘गालिबन’, ‘यकीनन’ अशा शब्दांवरून कळते. त्यामुळे मराठी वाचताना आपण तिन्ही रूपांचे मनातल्या मनात ‘होगा’ करून टाकतो आणि त्यांच्यातला फरक पुसला जातो. छापील मराठीत आवाज नसतो, तेथे रूपच पाहावे लागते.

दुसरीकडे, आपल्याजवळ एक सोयही आहे. दीनी शिक्षणात ज्ञानाच्या पायऱ्या आपण लहानपणीच ऐकलेल्या असतात: यकीन, गालिब गुमान, शक आणि वहम. ज्यात संशयाला जागा नाही ते यकीन. ज्याची एक बाजू स्पष्टपणे जड आहे ते गालिब गुमान. दोन्ही बाजू सारख्या तो शक. आणि जी बाजू हलकी, तिलाच धरून बसणे म्हणजे वहम. आता मराठी क्रियापदे या पायऱ्यांवर बसवून पाहा. ‘हटवले’ हे यकीनच्या जागी, अर्थात सांगणारा खरा असेल तर. ‘हटवले असणार’ हे गालिब गुमान. ‘हटवले असावे’ हा साधा गुमान. ‘असेल’, ‘होऊ शकते’ हा शक. ‘नाकारता येत नाही’ हा पुष्कळदा वहम.

मात्र ‘समजते’ आणि ‘म्हणे’ या पायऱ्यांवर बसत नाहीत. त्यांचा प्रश्न वेगळा आहे. ते किती पक्के हे सांगत नाहीत, कोणाच्या तोंडून आले हे सांगतात, किंवा लपवतात. म्हणून प्रत्येक बातमीला दोन प्रश्न विचारायचे: किती पक्के? आणि कोणाचे? कुरआनात सूरह हुजुरातमध्ये खबर आणणारा माणूस विश्वासाचा नसेल तर ती आधी तपासून घेण्याची ताकीद आहे, नाहीतर न कळत दुसऱ्याचे नुकसान होऊन पुढे पस्तावण्याची वेळ येते. बाजारात हे नुकसान आपले आणि आपल्या कारागिरांचे होते.

जळगावने पाहिलेली पहिली मोठी अटकळ

हा विषय नवा नाही. आपल्याच जिल्ह्याचा इतिहास पाहा. १८६१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण राज्यांत यादवी युद्ध सुरू झाले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली. इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्या तोवर मुख्यतः दक्षिणेच्या कापसावर चालत होत्या. त्यांनी हिंदुस्थानकडे मोर्चा वळवला. खानदेश, वऱ्हाड, गुजरात येथील कापसाचे भाव कित्येक पटींनी चढले. त्या काळात जळगाव ही कापसाची मोठी पेठ बनली. मुंबईत तर कापसाच्या पैशावर नवनव्या कंपन्या निघाल्या, त्यांचे शेअर हातोहात खपले. समुद्र हटवून जमीन करणारी बॅकबे कंपनी त्यांतलीच.

त्या वेळच्या व्यापाऱ्याच्या डोक्यात कोणती वाक्ये होती, याचा विचार करा. ‘अमेरिकेत युद्ध चालू आहे’ हे पहिले वाक्य, ते खरे होते. ‘युद्ध आणखी चालणार’ हे दुसरे. ते अनुमान होते. ‘म्हणून भाव असाच राहणार’ हे तिसरे. ते अनुमानावर रचलेले अनुमान होते. ‘म्हणून पुढच्या तारखेचा सौदा करू’ हे चौथे, आणि पैसा या चौथ्या वाक्यावर लागला. १८६५ च्या एप्रिलमध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण गेला आणि युद्ध संपत आले. भाव कोसळले. १ जुलै १८६५ ही मुंबईत वायद्याचे सौदे मिटवण्याची तारीख होती; त्या दिवशी मोठमोठ्या पेढ्यांना देणे देता आले नाही. बँक ऑफ बाँबे या धक्क्यातून सावरली नाही आणि १८६८ मध्ये बुडाली. जळगावच्या पेठेलाही मोठी झळ बसली. पण कापसाचा खरा व्यापार हाती होता म्हणून ती पुढे पुन्हा उभी राहिली.

यातून घेण्यासारखी गोष्ट अशी की, त्या लोकांची पहिली बातमी खोटी नव्हती. खऱ्या बातमीवरूनच ते बुडाले. ‘आहे’चे ‘राहणार’ केव्हा झाले, ते त्यांच्या लक्षात आले नाही.

मोठ्या संस्थेचा अंदाजही अंदाजच

आता अलीकडचे उदाहरण. १९७४ पासून जगाच्या कापडव्यापारात कोटा पद्धत होती. कोणत्या देशाने श्रीमंत देशांना किती कपडा विकायचा ते ठरलेले असे. १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली आणि हा कोटा दहा वर्षांत संपवण्याचे ठरले. १ जानेवारी २००५ रोजी तो संपला. त्याच्या आदल्या वर्षी या संघटनेतर्फे एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गणिती नमुना मांडून त्यात असे दाखवले होते की, कोटा गेल्यावर अमेरिकेच्या तयार कपड्यांच्या आयातीत चीनचा वाटा १६ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आणि भारताचा ४ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर जाईल.

अभ्यासात अटी होत्या. अमुक धरले, तमुक बदलले नाही, तर असे होईल. परंतु दिल्ली-मुंबईमार्गे ही गोष्ट खाली येईपर्यंत अटी गळून पडल्या. ‘असे झाले तर वाटा वाढेल’ याचे ‘वाटा वाढणार’ झाले, आणि यंत्रे विकणाऱ्याच्या तोंडी ‘वाटा वाढतोच आहे’ झाले. प्रत्यक्षात काय घडले? २००५ मध्येच अमेरिकेने चिनी कपड्यांवर पुन्हा मर्यादा घातल्या आणि त्या २००८ पर्यंत राहिल्या. बांगलादेश आणि व्हिएतनाम झपाट्याने पुढे आले. भारताचा वाटा वाढला, पण वीस वर्षे उलटूनही तो त्या १५ टक्क्यांच्या निम्म्यापर्यंत गेला नाही.

अभ्यास करणाऱ्यांना आम्ही दोष देत नाही. त्यांनी ‘तर’ लिहिले होते. आपण ‘तर’ वाचला नाही. मोठ्या संस्थेचे नाव पाहून शक्यतेला यकीन समजणे ही चूक फक्त आपल्याच समाजात होते असे नाही. पण ज्याच्या मागे भांडवल थोडे आणि उधारी मोठी, त्याला ती जास्त महाग पडते.

आकड्यामागचे क्रियापद

आकडा दिसला की माणूस गप्प होतो. पण आकड्यालाही क्रियापद असते. कॉटन असोसिएशन ऑफ इंडिया ही व्यापाऱ्यांची संघटना देशातील कापसाच्या पिकाचा आकडा देते, तो अंदाज असतो आणि हंगामात त्यात वेळोवेळी बदल होतो. सरकारचा अंदाज वेगळा असतो. अमेरिकेचे कृषी खाते दर महिन्याला जगाच्या पिकाचा अंदाज देते, तो तिसरा. या तिघांत फरक दिसला की ‘कोणीतरी खोटे बोलत असणार’ असे म्हणण्याची घाई करू नये. आपली गाठ १७० किलोची. अमेरिकी खात्याच्या हिशेबातली गाठ ४८० पौंडांची, म्हणजे सुमारे २१८ किलोची. आपला हंगाम ऑक्टोबर ते सप्टेंबर, त्यांचा ऑगस्ट ते जुलै. माप वेगळे, वर्ष वेगळे, मग आकडा एक कसा येईल?

तीच गोष्ट भावाची. शेतकरी क्विंटलने कापूस विकतो, तो सरकीसकट असतो. गिरणी ३५६ किलोच्या खंडीने रुई घेते. न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात पौंडाला सेंट असा भाव असतो, आणि तोही पुढच्या महिन्यांचा. तेथील पुढच्या महिन्याच्या भावावरून येथील आजच्या कापसाबद्दल बोलायचे तर मध्ये डॉलर, भाडे, शुल्क, उतारा एवढे सगळे धरावे लागते. प्रत्येक टप्प्यावर एक ‘असावे’ वाढतो.

गणेश चतुर्थीला बोदवड, धरणगाव या भागात नव्या कापसाच्या खरेदीचा मुहूर्त होतो. त्या दिवशी थोड्याशा मालाला मानाचा म्हणून चढा भाव दिला जातो आणि दुसऱ्या दिवशी तो भाव पेपरात येतो. ‘मुहूर्ताला अमुक भाव मिळाला’ हे वाक्य खरे असते. ‘यंदा अमुक भाव मिळणार’ हे त्यावरून निघत नाही.

‘गेल्या वर्षी झाले’ वरून ‘यंदा होणार’

२०११ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कला कापूस पौंडाला दोन डॉलरच्या वर गेला होता. असा भाव त्यापूर्वीच्या कित्येक पिढ्यांनी पाहिला नव्हता. त्याच वर्षाच्या अखेरीस तो एका डॉलरच्या खाली आला होता. महाग भावात सूत भरून ठेवणाऱ्यांचे काय झाले ते सांगायला नको. पुढे ५ मार्च २०१२ रोजी केंद्र सरकारने कापसाची निर्यात थांबवली आणि आठवडाभरातच ती बंदी मागे घेतली. या आठवड्यात ज्यांनी ‘बंदी घातली’ एवढे वाचून ‘आता हंगामभर भाव पडलेलाच राहणार’ असा निष्कर्ष काढला, त्यांनी एका भूतकाळावरून सगळा भविष्यकाळ काढला.

२०२१-२२ च्या हंगामात पुन्हा तेच चित्र दिसले. आपल्या भागात कापूस क्विंटलला दहा हजारांवर गेला, आणि मे २०२२ मध्ये रुईच्या खंडीने एक लाख रुपयांचा टप्पा ओलांडला. त्यामुळे २०२२-२३ मध्ये खानदेशातील असंख्य शेतकऱ्यांनी कापूस घरात साठवला. ‘गेल्या वर्षी वाढला, यंदाही वाढणार.’ महिने गेले, घराघरांत कापूस पडून राहिला, आणि २०२३ च्या मध्याला भाव सात हजारांच्या आसपास आला. कापूस अडला म्हणून जिनिंगला काम नाही, जिनिंगला काम नाही म्हणून हमालाला मजुरी नाही. एका ‘वाढणार’ची किंमत सगळ्यांनी मोजली.

एक बातमी मिळून वाचू

आता एक नमुना घेऊ. पुढील परिच्छेद आम्हीच तयार केलेला आहे. त्यातील दोन्ही तारखा मात्र खऱ्या आहेत.

“अमेरिकेने २७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावरील एकूण अतिरिक्त शुल्क ५० टक्के केले. त्याआधी केंद्र सरकारने १९ ऑगस्टपासून कापसावरील ११ टक्के आयात शुल्क स्थगित केले होते. यावरून सरकार गिरण्यांना स्वस्त कापूस देऊ इच्छिते, असे दिसते. परदेशी कापूस मोठ्या प्रमाणात येण्याची शक्यता असून देशी कापसाचे भाव दबावाखाली येतील, असे जाणकारांना वाटते. सूत स्वस्त होणार हे स्पष्ट आहे.”

पहिली दोन वाक्ये घटनेची आहेत. ती तपासता येतात, आणि तपासताना मुदतही पाहावी लागते. ही स्थगिती आधी ३० सप्टेंबरपर्यंत होती, मग ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली गेली. शुल्काचे आकडे असे बदलत असतात, म्हणून तारखेशिवाय ते वाचूच नयेत. तिसऱ्या वाक्यात ‘दिसते’ आहे. हा लेखकाचा तर्क, वाजवी तर्क. चौथ्यात दोन अनुमाने एकमेकांना बांधली आहेत: ‘शक्यता असून’ हा शक, ‘येतील असे वाटते’ हा गुमान, आणि जाणकार कोण ते सांगितलेले नाही. पाचव्या वाक्यात लेखक एकदम ‘स्पष्ट आहे’ वर उडी मारतो. वरच्या ‘शक्यता’ आणि ‘वाटते’ यांतून ‘स्पष्ट’ कसे निघाले? सुताच्या भावात कापसाखेरीज वीज, मजुरी, व्याज आणि मागणी आहे. पायथ्याशी शक असेल तर शिखरावर यकीन बसू शकत नाही. साखळीतील सर्वांत कच्ची कडी जितकी पक्की, तितकीच साखळी पक्की.

वर्तमानपत्रांत ‘सूचित होते’, ‘संकेत मिळतात’, ‘निष्पन्न होते’, ‘स्पष्ट होते’, ‘सिद्ध होते’ हे शब्द अदलाबदल करून वापरलेले दिसतात. ते एकाच तोलाचे नाहीत. खुणेवरून सूचित होते. पडताळून पाहिल्यावर स्पष्ट होते. उलट बाजूचा प्रत्येक पुरावा खोडला गेला तरच सिद्ध होते. पेपरने चुकीचा शब्द वापरला तर आपण वाचताना तो मनात दुरुस्त करून घ्यावा.

कयासाची कसोटी

मराठीत आपण ‘कयास बांधणे’ म्हणतो. हा शब्द अरबी आहे आणि फिकहमधील तो एक मोठा विषय आहे. शरई कयास हे उलमांचे काम. त्यात बाजारच्या माणसाने पडू नये. पण त्याची रीत समजून घेण्याजोगी आहे. त्यात चार गोष्टी लागतात: अस्ल, म्हणजे ज्याचा निर्णय आधीच माहीत आहे ती मूळ बाब, फरअ, म्हणजे समोर आलेली नवी बाब, इल्लत, म्हणजे दोहोंत समान असलेले कारण, आणि हुक्म, म्हणजे निर्णय. द्राक्षाच्या दारूवरून इतर मादक पदार्थांचा निर्णय काढतात तो रंगावरून किंवा वासावरून नव्हे, तर नशा या समान कारणावरून. कारण समान नसेल तर कयास उभाच राहत नाही.

बाजारातील अटकळीला हीच कसोटी लावा. कोणी म्हणाले, “२०२२ मध्ये कापूस लाखावर गेला होता, यंदाही जाणार असे दिसते.” तर अस्ल काय? २०२२. फरअ काय? यंदाचा हंगाम. मग इल्लत सांगा. त्या वर्षी भाव कशाने चढला होता? देशात पीक कमी आले होते, करोनानंतर जगभर कपड्याची मागणी एकदम उसळली होती, आणि एप्रिल २०२२ पर्यंत आयातीवर ११ टक्के शुल्क होते. यांपैकी कोणते कारण यंदा आहे? एकही नसेल तर हा कयास नाही, नुसती आठवण आहे. अशा बोलण्यावर मान डोलवावी, पण चेकवर सही करू नये.

आपल्या तोंडची क्रियापदे

येथवर आपण दुसऱ्याच्या क्रियापदांबद्दल बोललो. आता स्वतःकडेही पाहिले पाहिजे. आपण गिऱ्हाईकाला म्हणतो, “आजच घेऊन जा, पुढच्या आठवड्यात भाव वाढणार.” आपल्याला खरोखर ठाऊक असते का? बहुधा कोणीतरी म्हटलेले असते. मग ‘वाढेल असे ऐकतो’ म्हणावे. पार्टी फोन करते, “माल निघाला का?” आणि आपण “निघाला” म्हणतो, खरे तर ट्रान्सपोर्टवाल्याला विचारलेलेच नसते, म्हणजे ‘निघाला असेल’ एवढेच आपल्याला माहीत असते. समोरचा आपल्या ‘निघाला’वर पुढे शब्द देतो, तो पुढच्याला देतो, आणि एका आळसाच्या क्रियापदावर चार माणसांची इज्जत टांगली जाते.

मालातील ऐब लपवून विकणे नाजायज आहे, हे आपण सगळे मान्य करतो. माहितीतील ऐब लपवणेही त्याच वाटेने जाते. आपला गुमान गिऱ्हाईकाला यकीन म्हणून विकला, तर ती मापातील खोट नाही का? जो व्यापारी ‘मला नक्की माहीत नाही, पण खुणांवरून असे दिसते’ असे सांगतो, त्याच्याकडे एखाद वेळी गिऱ्हाईक थांबणार नाही. पण दहा वर्षांनंतर ज्याच्या शब्दावर बाजार चालतो तो हाच माणूस असतो. आमच्या धंद्यातील जुन्या लोकांची पत अशाच जपून बोलण्यावर उभी राहिली होती.

गल्ल्यासाठी नियम

तात्पर्य म्हणून काही सोप्या गोष्टी सांगतो. पेपर वाचताना हाती पेन्सिल ठेवावी आणि धंद्याच्या बातमीतील प्रत्येक वाक्याच्या क्रियापदाखाली रेघ मारावी. ‘झाले’, ‘जाहीर केले’ असेल तेथे तारीख शोधावी. ‘असणार’, ‘असावे’, ‘दिसते’ असेल तेथे खूण शोधावी; खूण सांगितलेली नसेल तर त्याला ‘असेल’ समजावे. ‘समजते’, ‘म्हणे’ असेल तेथे माणूस शोधावा; माणूस सापडला नाही तर बातमी तेथेच सोडावी. ‘करावे’ असेल तर ती मागणी समजावी. ‘नाकारता येत नाही’ असेल तर पान उलटावे.

आणि पैसा क्रियापदाच्या तोलाने लावावा. जे घडले आहे त्यावर नेहमीचा सौदा करावा. जे ‘असणार’ आहे त्यावर थोडा, आणि बुडाला तरी लूम चालू राहील, कारागिराचा हप्ता थांबणार नाही एवढाच. ‘असावे’ आणि ‘असेल’ यांवर उधारीचा पैसा कधीही लावू नये, कारण उधारी हे पक्के क्रियापद आहे. ‘द्यावे लागेल’ यात ‘कदाचित’ नसते. बातमी कच्ची आणि देणे पक्के, असा व्यवहार ज्याने केला त्याच्या लूमचे बीम आधी उतरतात आणि पुढे लूम भंगारात जातात.

गैबचे ज्ञान फक्त अल्लाहला आहे, म्हणून आपण प्रत्येक ‘करीन’पुढे ‘इन्शाअल्लाह’ म्हणतो. तो शब्द केवळ सवयीने न म्हणता समजून म्हटला, तर उद्याचा भाव आपल्या हातात नाही याची आठवण व्यापाऱ्याला रोज होत राहील. उंट बांधून मग भरवसा ठेवावा अशी आपली शिकवण आहे. बाजारात उंट बांधणे म्हणजे बातमीचे शेवटचे दोन शब्द नीट वाचणे.